दिंद्रुड ठाण्यातली तक्रार

शंकेखोर : सर, जुलै २०१७ मध्ये आनंदगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली, तेव्हा बरेच लोक हसले. पाऊस पडला नाही म्हणून कुणी पोलिसांत जातं का, असं विचारत होते. मला त्यात हसण्यासारखं तेव्हाही काही दिसलं नाही, आजही दिसत नाही. आरोप मोठा होता. खात्यानं बियाणे आणि कीटकनाशक कंपन्यांशी संगनमत करून जून-जुलैच्या पावसाचा अंदाज फुगवून सांगितला, असं त्यांचं म्हणणं. संगनमताला पुरावा नव्हता, ते बाजूला ठेवू. पण त्यामागचा हिशेब खरा होता. एकरी तीस किलोची सोयाबीनची बॅग, खताचं पोतं, पेरणीचं ट्रॅक्टरभाडं, हे सगळं माणूस उधारीवर उचलतो आणि पहिल्या दमदार पावसावर मातीत घालतो. मग तीन आठवडे ऊन पडलं की काळ्या रानाला पापडी धरते. बी दोन बोटं खाली फुटलेलं असतं, पण कोंब पापडीला अडून वाकडा होतो, पिवळा पडतो, वर येतच नाही. उकरून बघितल्यावर कळतं. पुन्हा बॅग, पुन्हा उधारी. हे नुकसान ज्याच्या शब्दावर झालं त्याला जाब विचारायचा नाही, तर कुणाला?

समर्थक : तात्या, शब्द नेमका काय होता ते आधी बघू. २०१७ च्या एप्रिलमध्ये खात्यानं सांगितलं की जून ते सप्टेंबर मिळून देशात दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस होईल, पाच टक्के इकडेतिकडे. जूनमध्ये तो आकडा ९८ वर नेला, चार टक्के इकडेतिकडे. हंगाम संपला तेव्हा देशाचा पाऊस ९५ टक्के भरला. म्हणजे अंदाज सांगितलेल्या मर्यादेत बसला. त्या आकड्यात माजलगाव तालुका नव्हता आणि जुलैचा दुसरा आठवडाही नव्हता. सबंध देशाचा चार महिन्यांचा आकडा धरून आपल्या शिवारात तिफण घातली, तर चूक आकड्याची म्हणता येत नाही. आणि शास्त्रज्ञाला ठाण्यात उभं केलं की काय होतं, तेही जगानं बघितलंय. इटलीत लाक्विला शहरात एप्रिल २००९ मध्ये भूकंप झाला, तीनशेहून जास्त माणसं गेली. आठवडाभर आधी तज्ज्ञांची बैठक झाली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञांना आणि एका सरकारी अधिकाऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. जगभरचे शास्त्रज्ञ हादरले. दोन वर्षांनी अपिलात सहाही शास्त्रज्ञ सुटले, पण धडा मागे राहिला : अंदाज चुकल्यावर तुरुंग असेल, तर कुणी अंदाजच सांगणार नाही, किंवा दर वेळी ‘काहीही होऊ शकतं’ एवढंच सांगेल. त्याचा उपयोग ना तुम्हाला, ना सरकारला.

शंकेखोर : तो खटला अर्धाच सांगितलात. शास्त्रज्ञ सुटले, अधिकारी सुटला नाही. त्याची शिक्षा दोन वर्षांवर आली, पण दोष कायम राहिला. कारण लोकांना टीव्हीवरून ‘काळजीचं कारण नाही’ असं सांगितलं होतं ते त्यानं. न्यायालयानं रेघ कुठं ओढली बघा. विज्ञान सांगणारा वेगळा आणि त्या विज्ञानाच्या नावानं लोकांना निर्धास्त करणारा वेगळा. आता आपल्याकडं या. तो ९६ आणि ९८ चा आकडा कुणासाठी काढलेला असतो? दिल्लीत अर्थखात्याला हवा असतो, रिझर्व्ह बँकेला महागाईचा अंदाज बांधायला हवा असतो, शेअर बाजार त्यावर हलतो. कृषी खातं त्यावर बियाण्याचं आणि खताचं नियोजन करतं. हे सगळे त्या आकड्यावर निर्णय घेतात आणि आकडा चुकला तरी त्यातल्या कुणाचा संसार मोडत नाही. आमच्यापर्यंत तोच आकडा ‘यंदा पाऊस चांगला’ एवढाच होऊन येतो. पाच टक्के इकडेतिकडे ही गोष्ट वाटेतच गळते. ती गाळली कुणी? शास्त्रज्ञानं नाही, हे मला मान्य आहे. पण गाळणाऱ्यावर तक्रार करायची, तर ती कुठल्या कार्यालयात नोंदवायची, सांगा.

समर्थक : तसं कार्यालय नाही, हे खरं. पण गाळलेलं परत घालण्याचे प्रयत्न झाले, तेही मोजा. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच दिवसांचा अंदाज आणि पीकसल्ला देतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे दर जूनमध्ये सांगितलं जातं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ मध्ये सुरू झाली. आधी १२ किलोमीटरचा चौकोन धरून अंदाज निघत होता, आता ६ किलोमीटरचा निघतो. तेलंगणात अडीचशे गावांत एक प्रयोग झाला. पाऊस कधी सुरू होणार याचा भरवशाचा अंदाज काही गावांना आधी दिला. ज्यांना पाऊस लांबेल असं कळलं त्यांनी पेरा कमी केला, ज्यांना लवकर येईल असं कळलं त्यांनी वाढवला. चांगली माहिती वेळेवर मिळाली की शेतकरी शहाणपणानं वागतो, हे त्यातून दिसलं. शेतकऱ्याला अंदाज कळत नाही, ही समजूत चुकीची आहे.

शंकेखोर : शेतकऱ्याला कळतं, हे मी तुमच्या आधीपासून म्हणतोय. पण जिल्ह्याजिल्ह्याला कृषी विज्ञान केंद्रांत हवामानाची जी युनिटं उघडली होती, तालुक्याच्या भाषेत सल्ला देणारी, देशभरातली अशी सुमारे दोनशे युनिटं २०२४ मध्ये बंद केली गेली. एकीकडं चौकोन लहान झाला, दुसरीकडं त्या चौकोनातलं सांगणारा माणूस काढून घेतला. मग लोक कुणाचं ऐकतात? यूट्यूबवरच्या खासगी अंदाजवाल्याचं. तो निदान तारीख सांगतो, गावाचं नाव घेतो. चुकला तर पुढच्या व्हिडिओत परत बोलतो.

समर्थक : आणि त्याच्या चुकांची नोंद कुठंच राहत नाही, हा त्याचा फायदा! खात्याची प्रत्येक चूक छापील राहते म्हणून खातं जास्त चुकतं असं वाटतं. ते असो. तुम्ही विज्ञान आणि धोरण यांचं नातं अंदाजापुरतंच धरलंय. खरा बदल मदतीच्या बाजूला झालाय. पूर्वी दुष्काळ ठरायचा पैसेवारीवर. तलाठी आणि गावची समिती पिकाचा नजरअंदाज करायची, ५० पैशांच्या खाली आलं की दुष्काळ. त्या आकड्यावर कुणाकुणाचा हात फिरायचा हे तुम्ही मला सांगावं, मी तुम्हाला नाही. आता केंद्राची २०१६ ची दुष्काळ संहिता आहे. आधी पावसाची तूट आणि खंड बघतात. मग उपग्रहावरून पिकाचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, पेरलेलं क्षेत्र, भूजल आणि धरणांतला साठा. शेवटी दहा टक्के गावं निवडून शेतावर जाऊन खात्री करतात. उपग्रह कुणाचा पक्ष विचारत नाही, तात्या. पैसेवारीच्या काळात दुबळ्या गावाला जे मिळत नव्हतं, ते मिळायचा हाच रस्ता आहे.

(इथं लेखक म्हणून एक सांगणं गरजेचं वाटतं. या संहितेनुसार ३१ ऑक्टोबर २०१८ ला महाराष्ट्रात १५१ तालुके दुष्काळी ठरले, त्यातले ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. केंद्राच्या आपत्ती निधीचं दार फक्त ‘गंभीर’ला उघडतं. रेघेच्या या बाजूला आणि त्या बाजूला असलेल्या दोन शेतांत किती फरक असतो, हा प्रश्न पुढच्या बोलण्याच्या मुळाशी आहे.)

शंकेखोर : उपग्रह पक्ष विचारत नाही, पण रेघ तो ओढत नाही. रेघ माणूस ओढतो. २०२३ घ्या. ऑगस्ट इतका कोरडा गेला की १९०१ पासून देशानं तसा ऑगस्ट बघितला नव्हता. ३१ ऑक्टोबरला राज्यानं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. आपल्या बीड जिल्ह्यातले तीन : वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई. माजलगाव नाही. दिंद्रुड माजलगाव तालुक्यात, तेलगाव धारूरमध्ये. मध्ये डोंगर नाही, मोठी नदी नाही. एका रस्त्यावरची गावं. सोयाबीन दोन्हीकडं सारखंच वाळलं होतं. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात राज्यभरातली हजारावर महसुली मंडळं ‘दुष्काळसदृश’ म्हणून वेगळी जाहीर करावी लागली. म्हणजे पहिली रेघ पुरेशी नव्हती, हे सरकारनंच मान्य केलं. तालुका हा आकार ढगानं ठरवलेला नाही, महसूल खात्यानं ठरवलाय. पण एकदा उपग्रहाचं नाव लागलं की त्या रेघेशी भांडता येत नाही. तलाठ्याच्या पैसेवारीला मी हरकत घेत होतो, ग्रामसभेत उभा राहून भांडत होतो. ओलाव्याच्या निर्देशांकाशी मी कसा भांडू?

समर्थक : मग रेघ बारीक करा, असंच तुम्ही म्हणताय. तेच चाललंय. महावेध प्रकल्पात मंडळाला एक स्वयंचलित हवामान केंद्र बसलं, राज्यात दोन हजारांवर. आता ग्रामपंचायतीपर्यंत केंद्रं नेण्याचं धोरण आहे.

शंकेखोर : बारीक केली की भांडण संपतं, असं मला वाटत नाही. दिंद्रुड हे मंडळ. केंद्र एका जागी, खाली गावं बरीच. आपल्याकडचा जूनचा पाऊस कसा पडतो ते तुम्ही जाणता. बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं, असं म्हातारे म्हणायचे. केंद्रावर ६५ मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी, ६० भरले तर नाही. माझ्या रानात बांध फुटलेला असतो आणि केंद्राचा डबा सांगतो की काही झालं नाही. उद्या गावागावाला केंद्र आलं, तर दोन गावांतलं भांडण दोन भावकीत येईल. रेघ राहणारच. माझं म्हणणं एवढंच : रेघेच्या आसपास जो सापडतो, त्याच्या बाजूनं चूक व्हावी की तिजोरीच्या बाजूनं, हे कुणीतरी ठरवतं. ते विज्ञान ठरवत नाही. आणि दर वेळी ते तिजोरीच्या बाजूनं ठरतं.

समर्थक : दर वेळी नाही. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा दिला, ते तिजोरीच्या बाजूनं होतं का? त्याचा गैरफायदा घेतला गेला, बोगस अर्जांच्या तक्रारींत आपला बीड जिल्हा पुढं होता, हे तुम्हीही नाकारणार नाही. दोन वर्षांत योजना गुंडाळावी लागली ती त्यामुळंच. पैसा सढळ सोडला की खऱ्याच्या आधी खोटा रांगेत उभा राहतो. म्हणून मोजमाप कडक लागतं.

शंकेखोर : खोटे अर्ज कुणाचे होते, ते शोधा आणि धरा. पण शिक्षा कुणाला झाली? २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा दोन टक्के हप्ता परत आला. त्याबरोबर पेरणीच न होणं, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, ही चारही दारं बंद केली. राहिला फक्त पीककापणी प्रयोग. दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा कापून मंडळाचं उत्पन्न काढायचं. ते कशाशी ताडायचं? गेल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, तिचे सत्तर टक्के म्हणजे उंबरठा. आता याच विज्ञानाला विचारा. हवामान बिघडत चाललंय, हे तेच सांगतंय ना? मग सातात दोन वर्षं वाईट, हा हिशेब कुठल्या काळातला? सातात चार वाईट गेली की दोन गाळूनही वाईटच उरतात, सरासरी खाली येते, उंबरठा बुडतो. जितका दुष्काळ जास्त, तितकी भरपाई मिळणं अवघड. हवामान बदलाचं विज्ञान एका खोलीत आहे आणि विम्याचं सूत्र दुसऱ्या खोलीत.

समर्थक : हा मुद्दा मी मान्य करतो, वाद घालत नाही. उंबरठा मागच्या वर्षांवर बांधलेला आहे आणि मागची वर्षं पुढची राहिलेली नाहीत. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच दाखवलं होतं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्याच काळात एकूण मोसमी पाऊस मात्र कमी होत गेला. ज्या वर्षी आनंदगावच्या लोकांनी तक्रार दिली, त्याच वर्षी. पण त्या विज्ञानाचं धोरण व्हायचं तर तुम्हालाही काही सोडावं लागेल. मराठवाड्यात पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, उसाला वर्षाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. २०१९ मध्ये औरंगाबादचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्यात ऊस आणि नवे कारखाने नकोत, असा अहवाल शासनाला दिला. सहा-सात वर्षं आधी ते बीडचे जिल्हाधिकारी होते, टँकर कसे पळतात हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. तो अहवाल बाजूला पडला. तिथं तुम्ही विज्ञानाच्या बाजूनं उभे राहिलात का?

शंकेखोर : नाही राहिलो. का, ते ऐका. माजलगाव धरणाच्या कालव्यावर माझा दीड एकर ऊस आहे. पावसाचा खंड पडला तर सोयाबीन जातं, ऊस वाळतो पण उभा राहतो. २०१४ च्या गारपिटीनं ज्वारी, हरभरा, मोसंबी झोपली, ऊस फुटून परत आला. भाव काय मिळणार ते आधी माहीत असतं, कारण एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, कायद्यानं ठरलेली आहे. सोयाबीनचा हमीभाव कागदावर असतो, खरेदी केंद्रावर रांग लागते आणि व्यापारी ओलाव्याचं कारण सांगून पाडून मागतो. म्हणजे हवामानाच्या जोखमीचा हिशेब मीच केलाय, सर, तुमच्या विज्ञानानं सांगायच्या आधी. माझा विमा ऊस आहे. त्यानं भूजल खाली जातं, कालव्याच्या टेलच्या गावाला पाणी पोचत नाही, हे मला दिसतं. पण दुसरा विमा कुणी दिला नाही. आणि ज्याला कालवा नाही, तो कोयता घेऊन कारखान्याला जातो. त्याच्या घरातलं पोट उसावरच चालतं. ऊस बंद करा असं सांगणारा अहवाल बरोबर आहे आणि मी ऊस लावतो तेही बरोबर आहे. धोरणाला यातली गाठ सोडवायची आहे.

समर्थक : ती गाठ सुटू शकते, याचं एक उदाहरण याच गोदावरी खोऱ्यात आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. मेंढेगिरी समितीनं पाणीवाटपाची आकडेमोड करून दिली आणि २०१४ मध्ये प्राधिकरणानं नियम केला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. जायकवाडीचा उजवा कालवा माजलगाव धरणाला पाणी देतो. म्हणजे हा आकडा तुमच्या उसापर्यंत येतो. इथं रेघ खालच्याच्या बाजूनं ओढली गेली.

शंकेखोर : आणि ती टिकवायला न्यायालयात जावं लागलं, दर टंचाईच्या वर्षी आंदोलन करावं लागलं. पण ठीक आहे, ती ओढली गेली, हे मी मानतो. मराठवाड्यानं एकजुटीनं मागितली म्हणून. आकडा एकटा चालत आला नाही. आता उलटी बाजू बघा. २०२५ ला खात्यानं देशासाठी आधी १०५, मग १०६ टक्के सांगितले, १०८ भरले. अंदाज बरोबर आला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सिंदफणा, गोदावरी पात्र सोडून रानात आल्या, जायकवाडीतून सोडलेलं पाणी तीन लाख क्युसेकच्या घरात गेलं. नदीकाठची माती मुरूम दिसेपर्यंत खरवडून गेली. एका पिढीत ती माती भरून येत नाही. ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज आलं, खरवडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत. अंदाज चुकला तेव्हा आम्ही बुडालो, बरोबर आला तेव्हाही बुडालो. मग अंदाजावर पैसा खर्च करून काय मिळवलं?

समर्थक : तो देशाचा अंदाज होता, पुराचा नव्हता, पण तुमचा प्रश्न त्यानं संपत नाही, हे खरं. माझं उत्तर असं : अंदाजाचा उपयोग नुकसान झाल्यावर पैसे वाटायला करू नका, आधी वाटायला करा. खंड पडण्याची शक्यता दाखवली की पेरणीआधी दुसऱ्या वाणाचं बियाणं, चाऱ्याचं अनुदान, कर्जाची मुदत. पूर येण्याची शक्यता दाखवली की धरण आधीच थोडं रिकामं. पण त्याची किंमत आहे. अंदाज दहातून तीन वेळा फसेल. तीन वेळा पैसे गेलेले असतील आणि दुष्काळ आलेला नसेल. धरण रिकामं केलं आणि पाऊस आला नाही, तर उन्हाळ्यात तुम्हीच अभियंत्याला घेराव घालाल. तेवढी चूक सहन करायची तुमची तयारी आहे का?

शंकेखोर : अभियंत्याजवळ जलाशय चालवायचा छापील आराखडा असतो. त्यानं तो पाळला, तर चूक झाली तरी त्याची नोकरी जात नाही. चुकलेल्या निर्णयाचं ओझं वाटून घ्यायची व्यवस्था सरकारनं स्वतःसाठी केलीय. माझ्यासाठी नाही. तीन वेळा पैसा वाया गेला, तर ऑडिटवाला लिहील की उधळपट्टी झाली. सात वेळा तो पैसा आला नाही आणि माणूस उधारीत बुडाला, ते कुठल्याच ऑडिटात लिहिलं जात नाही. ती दुसरी नोंद आधी सुरू करा. मग तुमच्या तीन चुका मी सोसतो. पण धरणाचं मात्र मला सांगता येत नाही. मार्चमध्ये प्यायला पाणी नसेल, तर मीही घेरावात असेन, हे आत्ताच कबूल करतो.

समर्थक : मला तरी कुठं सांगता येतंय. मग निदान हातातलं एक काम सुरू करू. दिंद्रुड मंडळातल्या प्रत्येक गावात एक साधा पर्जन्यमापक आणि एक वही. शाळेतली पोरं सकाळी साडेआठला आकडा लिहितील. खात्याचा अंदाज काय होता, मंडळाच्या केंद्रानं काय मोजलं, गावात काय पडलं, तिन्ही एका ओळीत. दोन-तीन पावसाळ्यांत कळेल की अंदाज किती खरा आणि रेघ कुठं चुकते.

शंकेखोर : वही मी स्वतः ठेवीन. पण गावानं लिहिलेला आकडा तहसील कार्यालयात धरला जाईल, एवढं ग्रामसभेच्या ठरावानं मागा आणि शासन निर्णयात आणा. आज अतिवृष्टीच्या मदतीला आणि फळपीक विम्याला धरतात तो मंडळातल्या केंद्राचाच आकडा.